मेंढ्याची मुंडी आणि सासऱ्यांचं चैतन्य

मुंडी उकडायची, हे मी ठरवलं. बाकी जे झालं ते आपोआप झालं.

मेरुएर्त, म्हणजे माझी बायको, सांगत होती, "रविवारी माझे वडील पहिल्यांदाच आपल्याकडे जेवायला येतायत. साधं मांस कर, पिठाच्या पोळ्या उकड, बास. शहाणपणा नको." पण मला शहाणपणाच करायचा होता. मोठ्या पाहुण्यापुढे मेंढ्याची अख्खी मुंडी ठेवतात, एवढं मला ठाऊक होतं. आणि माझ्या सासऱ्यांएवढा मोठा माणूस सगळ्या अल्माटी शहरात नाही. हे मत त्यांचं स्वतःचं आहे.

सासरे म्हणजे मार्लेन सर. त्यांच्या वडिलांनी मार्क्स आणि लेनिन जोडून हे नाव ठेवलं, आणि पोरगा मोठा होऊन आत्म्यावर पुस्तकं लिहायला लागला. (बापावर याहून मोठा सूड कुणी उगवला असेल तर कळवा, मला शिकायचंय.) आधी सर भौतिकशास्त्र शिकवत. आता मेंदूतल्या लहरी, सुफींचा श्वास आणि बौद्धांचं ध्यान एकाच पातेल्यात घालून ढवळतात. टीव्हीवर येऊन सांगतात, 'मी' असं काही नसतंच, आणि मृत्यू म्हणजे चैतन्यानं बदललेला कोट. लोक रडतात, पुस्तकं खपतात.

मी त्यांच्याच वर्गातून तिसऱ्या वर्षी शिक्षण सोडून बाहेर पडलो, आणि वर त्यांच्याच मुलीशी लग्न केलं. 'मी' नसलेल्या या माणसाला त्याचा एवढा राग आला, की तेव्हापासून ते मला 'तुम्ही' म्हणतात. आदरानं नव्हे. कोर्टात आरोपीला म्हणतात तसं.

मला काही फरक पडत नव्हता. (पडत होता.) पण मेरुएर्त गरोदर होती. जेवण झाल्यावर वडीलधाऱ्यानं तळहात वर करून आशीर्वाद दिला, की जावई घरचा झाला. बाळ यायच्या आधी तिला तो आशीर्वाद हवा होता. "आज नाही मिळाला तर पुन्हा कधीच मिळायचा नाही, बेकझात," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मी पहाटेच बाजार गाठला.

दुपारी सर आले. बरोबर त्यांची धाकटी बहीण, कुल्याश आत्या. ही बाई बोलली की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकतं. ती दोघं बसतायत तोच मेरुएर्तनं कोट चढवला. "एक गोष्ट आणायची राहिलीय. मी येईपर्यंत मांस वाढू नकोस."

मी थांबलो. खरंच थांबलो. सर डोळे मिटून श्वासाकडे बघत बसले होते. मग त्यांनी एकच डोळा उघडला.

"तुमच्याकडे जेवणही अर्ध्यावर सोडायची पद्धत आहे का?"

झालं! माझं डोकं फिरलं. मी स्वयंपाकघरात गेलो, ताट उचललं आणि मुंडी थेट सरांपुढे ठेवली. नाक त्यांच्याकडे, रीतसर.

आता अख्ख्या देशाला ठाऊक असलेली एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. ज्याचा बाप जिवंत आहे त्याच्यापुढे मुंडी ठेवत नाहीत. मुंडीचा मान बापाचा. तो गेल्यावरच मुलाकडे येतो. माझा बाप मी पाळण्यात असतानाच गेला, त्यामुळे हा नियम मला कधी लागलाच नाही. आणि दुसरी गोष्ट, जी मला ठाऊक होती पण ऐन वेळी आठवली नाही: आमच्याकडे मरणाची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. आडवळणानं सांगतात. हंस उडाला म्हणतात, डोंगर खचला म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं.

सरांनी मुंडीकडे पाहिलं. मुंडीनं सरांकडे पाहिलं. सर पांढरेफटक पडले.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"आज पहाटे," मी अभिमानानं म्हणालो.

"फार त्रास झाला?"

"झाला थोडा. पण तुमच्यासाठी एवढं चालतं."

"डॉक्टर?"

"डॉक्टरांनी बघितलंय, सर. शिक्कासुद्धा आहे." (बाजारात गुरांचा डॉक्टर तपासल्याशिवाय मांस विकू देत नाही.)

सरांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं. "कुल्याश," ते कसेबसे म्हणाले, "बाबा गेले."

मी हादरलो. सरांचे वडील, झाकिप आजोबा गेले? गावाहून ना फोन आला, ना निरोप, मग सरांना कळलं कसं? आणि माझ्या अंगावर काटाच आला. ध्यानात कळलं! (इतकी पुस्तकं लिहिलीत, एखादं तरी खरं निघणारच.) माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, विज्ञान आणि अध्यात्म यांच्यामधला पूल बांधून तयार झाला होता, आणि मूर्ख मी तो वर्ग सोडून आलो होतो!

आत्यानं आजोबांना फोन लावला. बंद. तिनं कमरेवर हात ठेवले, भिंतीकडे तोंड केलं आणि सुरात विलाप सुरू केला. वरचं कुत्रंही लागलं. मी सरांना मिठी मारली. सर हुंदके देत होते, लहान मुलासारखे, नाक गळेपर्यंत.

"सर, पण मृत्यू म्हणजे नुसता कोट बदलणं," मी धीर दिला. "तुमच्याच तिसऱ्या प्रकरणात—"

"खड्ड्यात गेलं तिसरं प्रकरण!"

मग मी जावयाचं कर्तव्य केलं. खाली धावलो आणि अंगणातल्या सगळ्यांना बातमी दिली. पाच मिनिटांत जिन्यात शेजाऱ्यांची रांग लागली. पुरुष मोठमोठ्यानं रडत वर येत होते, बायका पीठ आणि चहा घेऊन येत होत्या, कुणी तरी कबरीच्या जागेची चौकशीही करत होतं.

आणि त्या रांगेतून, लोकांना कोपरानं बाजूला सारत, झाकिप आजोबा दारात उभे राहिले. मागे मेरुएर्त. तिची 'राहिलेली गोष्ट' ही होती. सरांनी आशीर्वादाला नाही म्हटलं तर त्यांचा कान पिळायला तिनं आजोबांना गुपचूप गावाहून बोलावलं होतं, आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्यावरून आणायला गेली होती.

आत्याचा विलाप मध्येच तुटला. सर उठले. थरथरत पुढे झाले. पण चेहऱ्यावर भीती नव्हती हो! डोळे नुसते लकाकत होते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं, टोपीसकट.

"बाबा," ते कुजबुजले, "आलात?"

"आलो."

"तिकडे कसं आहे, बाबा?"

"तिकडे? धूळ. आणि ही गर्दी! सगळे एकमेकांच्या अंगावर."

"आणि... प्रकाश दिसला का?"

"कसला प्रकाश! बोगदा आला तरी मेल्यानं दिवा लावला नाही."

"बोगदा!" सर ओरडले. "कुल्याश, बोगदा! लिहून घे!"

"काय लिहून घे?" आजोबा वैतागले. "खाली म्हणाले इथे कुणी तरी मेलंय. कोण मेलंय?"

"तुम्ही," आत्या म्हणाली.

"मी? कधी?"

"पहाटे."

"पहाटे मी चहा पीत होतो. मला कुणीच काही बोललं नाही."

"आणि फोन?"

"बंद करून सोन्यासारखा घरी ठेवलाय. बसमध्ये चोरतात."

तेवढ्यात मेरुएर्तची नजर ताटावर गेली. "बेकझात," ती अगदी हळू म्हणाली, "मुंडी कुणी ठेवली?"

जिन्यातली रांगसुद्धा माझ्याकडे बघायला लागली.

"मुडद्या!" आत्या कडाडली. "बाप जिवंत असलेल्या माणसापुढे मुंडी?"

"गाढवा!" सर माझ्या अंगावर धावले. "अक्कल कुठे गहाण टाकलीस? तुला एवढंही कळत नाही? माझा बाप जिवंत आहे!"

आणि ते तिथेच थांबले. "माझा बाप जिवंत आहे," ते पुन्हा म्हणाले, पण आता कुणालाच उद्देशून नाही. मग आजोबांचा हात धरून खाली बसले आणि हसायला लागले, रडायला लागले, नक्की काय ते कळेना. मला मात्र एक कळलं: ते मला 'तू' म्हणाले होते!

आजोबांनी मुंडी आपल्याकडे ओढली. "माझा बाप केव्हाच गेलाय. सुरी आण." शेजारीपाजारीही बसले, कारण रडून भूक लागते. सगळे जेवले. शेवटी आजोबा म्हणाले, "मार्लेन, हात वर कर. पोरांना आशीर्वाद दे."

"बाबा, या माणसानं शिक्षण—"

"मी मरून परत आलोय. माझं ऐक."

सरांचे तळहात वर गेले. मेरुएर्तनं माझा हात इतका घट्ट दाबला की बोटं सुजली.

वसंतात आम्हाला मुलगी झाली आणि त्याच सुमारास सरांचं नवं पुस्तकही आलं. त्यात माझा उल्लेख आहे, असं आत्यानं फोनवर सांगितलं. मी तडक जाऊन एक प्रत आमच्यासाठी घेतली आणि एक आईसाठी. मेरुएर्तनं मुलीला मांडीवर घेऊन ते पान मोठ्यानं वाचलं. प्रकरणाचं नाव होतं, 'झोप, बेशुद्धी आणि तत्सम अवस्था'.

"'बी. नावाचा एक तरुण माझ्या जवळून पाहण्यात आहे. तो चालतो, बोलतो, स्वयंपाक करतो, त्यानं लग्नही केलं आहे. या संपूर्ण काळात त्याच्या ठायी जाणीव असल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही.'"

"निदान जवळून म्हटलंय," मी म्हणालो.

"थांब, खाली अजून एक ओळ आहे," मेरुएर्त म्हणाली. "'ही अवस्था आनुवंशिक नसावी, अशी आजोबा या नात्यानं मी आशा करतो.'"