टाकीच्या शाळेबद्दल पालकांचं मत

धुळ्यात पाण्याच्या एका जुन्या टाकीखाली सरकारी हायस्कूल होतं. त्याचं खरं नाव फक्त शिक्क्यावर. रिक्षावाल्याला 'टाकीची शाळा' म्हटलं की तो बरोबर आणून सोडायचा. पटावर एकशे बारा मुलं, शिक्षक चार, आणि प्रभारी मुख्याध्यापिका हेमलता बोरसे. 'प्रभारी' हा शब्द त्यांना चिकटून नऊ वर्षं झाली होती, तो काही निघायचं नाव घेत नव्हता. श्रावणात वरून कागद आला. कमी पटाच्या शाळा चालू ठेवायच्या की नाही, हे पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय घेऊन ठरवण्यात येईल. साहेब गुरुवारी येतील.

कागद वाचला आणि मॅडमनी पटाची वही उघडली. स्वतःच्या बदलीचं त्यांना काही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे आली नववीतली मेघा. पोरगी गणितात अशी तयार, की मॅडमचीच चूक काढायची. तिचं घर शाळेच्या भिंतीला लागून. वडील प्रेमराज मार्केट यार्डात हमाल, आई पुष्पाबाई मिलमध्ये शेंगदाणे निवडायला. जूनमध्येच प्रेमराजने सांगून ठेवलं होतं, "शाळा आंगनमा शे म्हनीसन पोर शिकी राहिनी, मॅडम. हायवे ओलांडीसन तिले धाडनार नही मी."

आणि दुसरी शाळा नेमकी हायवेपलीकडे होती.

बुधवारी मॅडमनी पालकांची सभा घेतली. "उद्या साहेब येतील, शाळेबद्दल विचारतील. सगळ्यांनी या आणि नीट सांगा. शाळा राहणार की जाणार, ते तुमच्या बोलण्यावर आहे." काय सांगायचं, ते मात्र त्या बोलल्या नाहीत. पालकांना पढवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. माणसाच्या अंगात तत्त्व असावं, पण त्याला वेळकाळ समजू नये म्हणजे काय!

सभा संपली आणि खरी सभा फाटकाबाहेर सुरू झाली. प्रेमराज पायरीवर चढला.

"पूर उना व्हता तव्हय पंचनामावाला साहेब उना. मी खरं सांगं, एकच भीत पडनी. माले काय भेटनं?"

"काहीच नही," शेजारचे छगनआबा म्हणाले.

"आनि आबा, तुम्हीन काय सांगं?"

"बठ्ठं घर गयं म्हने."

"काय भेटनं?"

"घरकुल," आबा जरा लाजून म्हणाले.

"देखा! साहेबपुढे सुख सांगं का नाव कटस. शाळासाठे सकाय जोरमा रडा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. यात एकट्या प्रेमराजचं डोकं नव्हतं. रेशनकार्डापासून दुष्काळाच्या यादीपर्यंत या माणसांना सरकारनेच हे शिकवलं होतं. आणि शाळेवर त्यांचा जीव होता, म्हणून ती तयारीही जिवापाड झाली.

गुरुवारी सोनवणेसाहेब आले. गार वरणासारखा माणूस, हातात टॅब, काखेत पालकांच्या सह्यांचे कागद. पहिला प्रेमराज.

"इमारत कशी आहे?"

"गळस, साहेब. बठ्ठी गळस. वर्गात छत्री धरीसन बसतस पोरं."

मॅडम दचकल्या. गळत होता तो एकच कोपरा, आणि त्याखाली बादली होती. त्या मोठ्याने खोकल्या. प्रेमराजला वाटलं, कमी पडलं. तो म्हणाला, "मॅडमले तर खोकलाच जडी गया, साहेब, त्या ओलमुये."

मग कुंदाबाई आल्या, सोबत सातवीतला स्वप्नील. "याना डोकावर छतना तुकडा पडना, साहेब."

साहेबांनी स्वप्नीलचं डोकं निरखून पाहिलं. "डोकं तर चांगलं दिसतंय."

"मजारमा, आतून लागेल शे," कुंदाबाई म्हणाल्या. "पाढा इसरी जास तो." तो पाढे आधीपासूनच विसरत होता, पण ते आता कोण सांगणार?

मॅडमनी डोळे वटारले, मान हलवली, हाताने 'पुरे, पुरे' अशी खूण केली. कुंदाबाईंना वाटलं, मॅडम सापाची आठवण करून देताहेत. "हां, आनि साप! सापबी निंघतस."

"किती?"

"मोजाले कोन थांबस, साहेब?"

छगनआबांचा नातू आठवीत होता. आबांनी सांगितलं, शाळेत प्यायला पाणी नाही. साहेबांनी मान वर करून डोक्यावरच्या टाकीकडे पाहिलं. "ती फक्त देखाले शे," आबा गंभीरपणे म्हणाले.

शेवटी पुष्पाबाई. ती बिचारी खोटं बोलताना अडखळत होती, पण नवऱ्याने मागून ढोसलं. "पोरीसले धाक लागस," एवढं म्हणून तिने खाली सही केली. ती सही तिला मॅडमनीच शिकवली होती, शाळा सुटल्यावर, महिनाभर बसून. 'पुष्पा' मधला ष तिने किती सुरेख काढला होता! तो पाहिला आणि मॅडमना रडूच फुटलं.

"देखा साहेब," प्रेमराज विजयाने ओरडला, "मॅडमबी रडी राहिनी!"

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

मुलांना घरून पढवलेलंच होतं. एकाने कागदावर सापाचं चित्रसुद्धा काढलं. फक्त मेघाने खरं लिहिलं. 'आमच्या शाळेत एक कोपरा गळतो. प्रयोगशाळेत तीनच काचेच्या नळ्या आहेत. पण मॅडम सुटल्यावर एक तास जास्त गणित शिकवतात. माझं घर जवळ आहे म्हणून मला पाठवतात. ही शाळा नसती तर मी घरी बसले असते. मला ही शाळा आवडते.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून मॅडमकडे पाहिलं. "हे तुम्ही लिहून दिलंय."

"नाही हो साहेब! हेच तेवढं खरं आहे. बाकीचे खोटं बोलताहेत."

"म्हणजे सगळे पालक खोटे, आणि तुमची कौतुकं करणारी एक मुलगी खरी?" त्यांनी कागदावर तिरपी रेघ मारली आणि शेरा लिहिला: 'पढवलेले.'

फाटकाबाहेर पालक मॅडमची वाट पाहत होते. प्रेमराजने कुणाकडून तरी गोडीशेव आणवली होती. "नवी बिल्डिंग पक्की, मॅडम!" मॅडमनी शेव हातात घेतली. त्यांना ओरडावंसं वाटत होतं, पण त्या हसऱ्या चेहऱ्यांवर ओरडणार तरी काय? त्या पायरीवर बसून राहिल्या.

महिन्याभरात आदेश आला. 'पालकांच्या तीव्र भावना आणि विद्यार्थ्यांची सुरक्षितता लक्षात घेऊन' शाळा बंद, मुलं आणि शिक्षक हायवेपलीकडच्या शाळेत. प्रेमराज चाळीस माणसं घेऊन कचेरीत गेला. तिथे त्याला त्याचीच सही दाखवली. तो तसाच परत आला. त्या दिवशी तो जेवला नाही म्हणतात.

पण हायवेचं त्याचं म्हणणं काही बदललं नाही. चार किलोमीटर वाट, मधे ट्रकांची रांग. मुलगे सायकलींवर जाऊ लागले. मुली एकेक करून घरी बसल्या. मेघा आईबरोबर मिलमध्ये शेंगदाणे निवडायला जाऊ लागली. मॅडम दोनदा तिच्या घरी जाऊन आल्या. दोन्ही वेळा प्रेमराजने चहा पाजला आणि मान खाली घातली.

दिवाळीनंतर नव्या शाळेत सोनवणेसाहेब पुन्हा आले. तोच टॅब. शाळा एकत्र केल्याबद्दल पालकांचं मत काय? शाळा लांब पडत असेल, मुली गळत असतील, तर टाकीची शाळा पुन्हा उघडायचा विचार होऊ शकतो, असं कागदात स्वच्छ लिहिलं होतं. मॅडमच्या जिवात जीव आला. आता तर जे खरं होतं तेच रडगाणं होतं, नुसतं तोंड उघडायचं होतं. या वेळी त्यांनी तत्त्व गुंडाळून ठेवलं आणि आदल्या संध्याकाळी सगळ्यांना निरोप धाडला: जे खरं आहे ते सांगा.

पण पालकही एकदा पोळले होते. वाईट सांगितलं आणि असलेली शाळा गेली, आता पुन्हा ती चूक कोण करणार?

"शाळा लांब पडते का?"

"नही, साहेब. फिरनं व्हई जास," छगनआबा म्हणाले.

"बठ्ठं चांगलं शे," कुंदाबाई म्हणाल्या. "याले पाढाबी येवाले लागनात."

प्रेमराज नुसता हात जोडून उभा राहिला. साहेबांनी त्याचंही 'समाधानी' लिहिलं. मग पुष्पाबाई आली. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या.

"मुलगी नियमित येते?"

"रोज येस, साहेब," पुष्पाबाई या वेळी एकदाही अडखळली नाही. "पहिला बाकवर बसस."

साहेबांनी टॅब मिटला. "पाहिलंत मॅडम? पालकांना विचारून काम केलं की असं होतं." आणि ते गेले.

मॅडम पुष्पाबाईजवळ आल्या. "पुष्पाताई, अहो, येत नाही म्हणून का नाही सांगितलं?"

"येत नही सांगं का नाव कटस, मॅडम. नाव तरी राहू द्या तिनं पटवर." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कागदावर सही केली, सावकाश, ष नीट काढून. मग तिने भीत भीत मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं.

"आते तरी नीट सांगं ना मी?"

मॅडम हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?