तापी-पांझरा लीग, मॉरिशस शाखा

अभिमन नानांच्या हाती माईक गेला की तो परत मिळायला अर्धा तास लागतो, हे रावेरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण एक्याण्णव सालच्या जानेवारीत, कबड्डीचे उपांत्य सामने संपल्यावर, त्यांनी तो दोन मिनिटांतच खाली ठेवला. त्यांनी जे जाहीर केलं होतं, त्याच्यापुढे आणखी काही बोलायची गरजच नव्हती.

"तापी-पांझरा लीगचा यंदाचा विजेता संघ मॉरिशसला खेळायला जाईल," नाना म्हणाले. "विमानानं."

नाना सत्तावीस वर्षं शाळेत ड्रिल मास्तर होते. रिटायर झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतले आठ संघ गोळा करून ही लीग उभी केली. 'लीग' हा शब्द त्यांनी पेपरात वाचला होता आणि 'स्पर्धे'पेक्षा तो त्यांना वीतभर उंच वाटला होता. मॉरिशसचं मात्र जरा वेगळं होतं. तिथल्या एका मराठी मंडळाचे गोविंद सखाराम नावाचे गृहस्थ शिक्षकांच्या शिबिरासाठी पुण्याला आले होते. नानांनी ती बातमी वाचून त्यांना पत्र टाकलं, आणि 'अंतिम सामना पाहायला येतो' असं उत्तर आलं. तेवढंच. विमान त्यातून नानांनी स्वतः काढलं.

"त्यांनी बोलावलंय का तुम्हाला?" घरी आल्यावर वच्छलाबाईंनी विचारलं.

"खेळ पाहिला की बोलावतील."

"आणि बारा माणसांची तिकिटं?"

त्याचंही उत्तर नानांकडे होतं. विलायतेत फुटबॉलच्या सामन्यांवर लोक घरबसल्या कूपनं भरतात, हे त्यांनी कुठंसं वाचलं होतं. कोण जिंकणार ते लिहायचं, बरोबर निघालं की पैसे. मग रावेरात का नको? रुपयाला एक कूपन. जमलेल्या पैशांतले निम्मे लीगला, निम्मे बरोबर अंदाज सांगणाऱ्यांना.

"म्हणजे सट्टा," वच्छलाबाई म्हणाल्या.

"अंदाज," नाना म्हणाले. "छापील आहे."

कूपनं खपवायचं काम त्यांनी बन्सीलालकडे दिलं. बन्सीलालची स्टेशन रोडला पानाची टपरी होती, पण तिथं पानापेक्षा आकडेच जास्त लागत. माणूस अनुभवी. अंतिम सामना रावेर आणि शिरपूरचा होता. त्यानं आधी दोन्ही गावांच्या चौकांत कूपनं विकली, आणि सगळ्यांनी आपापल्या संघावर लावली. रावेरच्यांनी रावेरवर, शिरपूरच्यांनी शिरपूरवर. खप झाला, पण मोजकाच. एका माणसानं आपल्या संघावर एक कूपन घेतलं की तो पुन्हा फिरकत नव्हता.

मग बन्सीलालच्या डोक्यात विमा आला.

तो केळीच्या वखारीवर गेला. रावेरच्या संघाचा कप्तान वाल्मीक तिथं ट्रकमध्ये घड भरायचं काम करी. खांदे असे की घड त्यांच्यावर बसला की घडालाच बरं वाटावं.

"जिंकलास तर मॉरिशस," बन्सीलाल म्हणाला. "पण हारलास तर?"

"हारलो तर घरी."

"रिकाम्या हातानं. त्यापेक्षा दहा रुपये शिरपूरवर लावून ठेव. जिंकलास तर विमान, हारलास तर पैसे. दोन्हीकडून तूच वर."

वाल्मीकला हे पटलं. तो पकड सोडवायचा तसाच विचारही करायचा, एका झटक्यात. संध्याकाळपर्यंत रावेरच्या सातही खेळाडूंनी विमा उतरवला. दुसऱ्या दिवशी बन्सीलाल एसटीनं शिरपूरला गेला. तिथला कप्तान पुना कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्यालाही विमा पटला आणि शिरपूरच्या सातही जणांनी रावेरवर पैसे लावले.

इथवर सगळं ठीक होतं. पण वाल्मीकनं शिरपूरवर लावलेत ही गोष्ट वखारीतून बाजारात गेली, बाजारातून पिठाच्या गिरणीत, आणि गिरणीतून घरोघरी. कप्तानच शिरपूरवर लावतो म्हटल्यावर त्याला आतलं काहीतरी माहीत असणार. रावेरात शिरपूरच्या कूपनांसाठी रांग लागली. तिकडे शिरपुरात रावेरच्या कूपनांसाठी लागली. खप इतका वाढला की नानांनी एका संध्याकाळी पासपोर्टचे फॉर्म आणायला माणूस जळगावला धाडला. आपल्या माणसांना खेळाची एवढी गोडी आहे हे पाहून त्यांना भरून आलं होतं.

अंतिम सामन्याच्या दिवशी मैदान फुलून गेलं. गोविंद सखाराम पहिल्या रांगेत बसले. साठीचे, बारीक, अंगात पांढरा कोट. परदेशचे पाहुणे म्हणून नानांनी दोन वाक्यं इंग्रजीत पाठ केली होती. ती अर्ध्यात अडकल्यावर पाहुणे शांतपणे म्हणाले, "आपण मराठीत बोलावे. मला त्यात अधिक सोयीचे जाईल." त्यांची मराठी क्रमिक पुस्तकातल्यासारखी होती, एकही काना इकडचा तिकडे नाही.

पहिली चढाई वाल्मीकची. एरवी तो 'कबड्डी कबड्डी' करत वाघासारखा शिरायचा. आज तो पाहुणचाराला आल्यासारखा शिरला. शिरपूरच्या सात जणांच्या मधोमध उभा राहिला आणि धरा म्हणून पाय पुढे केला. कुणी धरेना. त्यानं दुसरा पाय पुढे केला. शिरपूरचे सगळे अदबीनं मागे सरकले, आणि सरकता सरकता त्यातले तिघं रेषेबाहेर जाऊन स्वतःच बाद झाले.

पंच मगन मास्तर खास धुळ्याहून बोलावलेले होते. त्यांना कूपनांचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी शिट्टी वाजवली आणि रावेरला तीन गुण दिले. रावेरच्या प्रेक्षकांत सुतकी शांतता पसरली. शिरपूरहून आलेल्या दोन ट्रकभर मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

मग पुना चढाईला आला. त्यानं मध्यरेषा ओलांडली, आणि तिथंच दम सोडून आभाळाकडे पाहत उभा राहिला. बाद. रावेरला आणखी एक गुण. आता वाल्मीक घाबरला. पुढच्या वेळी त्यानं चढाईला जाऊन सरळ बैठक मारली. शिरपूरचा एक जण त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, "ऊठ ना भाऊ, हात लावून जाय." वाल्मीक उठेना. शेवटी त्याचा दम संपला आणि शिरपूरला गुण मिळाला. रावेरकरांनी टोप्या उडवल्या.

वीस मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून बावन्न गुण झाले. लीगच्या इतिहासात एवढे गुण कधी लागले नव्हते आणि अंगाला मात्र कुणाच्याच माती लागली नव्हती. मगन मास्तरांची शिट्टी थकली. पाहुणे वहीत भराभर लिहीत होते.

"अत्यंत सभ्य खेळ आहे," ते नानांना म्हणाले. "प्रतिस्पर्ध्याला वाट करून देण्याची ही पद्धत मला विशेष भावली."

मध्यंतर होताच नाना वाल्मीककडे गेले.

"काय रे हे?"

वाल्मीकनं मान खाली घातली. सहावीत असताना नानांनीच त्याला कबड्डी शिकवली होती. "नाना, मी शिरपूरवर लावले ना. थोडे थोडे करून पन्नास कूपनं झाले. विमान कोनी पाह्यलं, पैसे तरी हाती येतीन. पण मले काय माहीत, ते बी हारायलेच आले."

नाना शिरपूरच्या संघाकडे गेले. पुनानं डोळे चुकवले नाहीत.

"नाना, खोटं कसाले सांगू? आम्ही बठ्ठासनी, सातही जनसनी, रावेरवर लायेल शे."

नाना तंबूच्या कडेला जाऊन उभे राहिले. समोर हजारभर माणसं बसली होती आणि त्यांतला प्रत्येक जण आपल्या पोरांच्या हरण्याची वाट पाहत होता. सत्तावीस वर्षं त्यांनी पोरांना पडलात तर उठा एवढंच शिकवलं होतं. आणि एका महिन्यात, एका छापील कागदानं, त्यांनीच त्यांना आडवं पडायला शिकवलं. त्यांना बन्सीलालचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. कागद कुणी छापला होता?

ते माईककडे गेले. वच्छलाबाईंना वाटलं, आता अर्धा तास गेला.

"कूपनं रद्द," नाना म्हणाले. "ज्यानं जेवढे भरले तेवढे त्याला उद्या परत मिळतील. चूक माझी आहे." पाहुण्यांकडे न बघता त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "आणि मॉरिशसचं काही ठरलेलं नाही. त्यांनी आपल्याला बोलावलेलं नाही. ते मीच ठरवलं होतं."

बन्सीलालनं गल्ल्याची पेटी उगाच काखेत घट्ट धरली.

"मग आता खेळायचं कशासाठी?" मागून कुणीतरी विचारलं.

"कशासाठी म्हंजे?" वाल्मीक कंबरेचा पंचा आवळत उठला. "ह्या शिरपूरवाल्यानं मले गावासमोर 'ऊठ ना भाऊ' म्हटलं."

दुसऱ्या डावात मैदानावरची माती खाली बसलीच नाही. पुनानं पहिल्याच चढाईत तिघांना घेऊन मध्यरेषा गाठली. वाल्मीकनं पुढच्या पकडीत त्याला उचलून असं आपटलं की चहावाल्याच्या कपबश्या वाजल्या. गोविंद सखाराम खुर्ची मागे घेत घेत थेट कनातीला टेकले. शेवटच्या मिनिटाला गुण सारखे होते. वाल्मीक चढाईवर गेला, एकाला शिवला, परत वळला, आणि मध्यरेषा बोटभर राहिली असताना पुनानं त्याच्या घोट्यावर झेप घेतली. वर बाकीचे सहा पडले. रेषेला बोट लागलं नाही, आणि ती शिवाशिवही फुकट गेली. शिरपूर एका गुणानं जिंकलं.

रावेरकर उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुना वाल्मीकच्या कपाळावरची माती पुसत होता आणि वाल्मीक "सोड, सोड," म्हणत त्यालाच धरून लंगडत होता. नानांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

पाहुणे निघताना फारसं बोलले नाहीत. "आपण सत्य सांगितलेत, ते मला आवडले," एवढं म्हणून गाडीत बसले. नानांनी मॉरिशस मनातून काढून टाकला.

एप्रिलमध्ये पत्र आलं. मंडळानं कबड्डी सुरू करायचं ठरवलं होतं. तापी-पांझरा लीगनं दोन प्रशिक्षक तीन महिन्यांसाठी पाठवावेत, जाण्यायेण्याचा खर्च मंडळ करील. नानांनी पत्र हातात घेऊन आधी घरात, मग गल्लीत आणि मग बाजारात वाचून दाखवलं. बाजारात वाचताना त्यांचं लक्ष शेवटच्या परिच्छेदाकडे गेलं.

'आमचे बहुतेक सभासद पन्नाशीच्या पुढचे आहेत. तरी उत्तरार्धातील प्रकार कृपया टाळावा. आम्हांस पूर्वार्धातील कबड्डी शिकावयाची आहे.'

नानांनी वाल्मीक आणि पुना यांची नावं कळवली. पासपोर्ट हाती आले आणि मे महिन्यात, सकाळी ऊन व्हायच्या आत, सराव सुरू झाला. वाल्मीकनं चढाईला जायचं, पुनानं अदबीनं मागे सरकायचं. पाच वेळा सांगून झालं. सहाव्या वेळी वाल्मीक शिरला, पुना एक पाऊल मागे सरकला, आणि मग न राहवून त्यानं सूर मारून वाल्मीकचा घोटा धरला. दोघं मातीत गेले, ते मध्यरेषेपर्यंत लोळत आले.

नाना शिट्टी वाजवत धावले.

"अरे, तीन महिन्यांपूर्वी किती छान हरत होतात तुम्ही," ते कळवळून म्हणाले. "जरा मन लावून हरा की."