वाढवण्याचे साधन

एका जंगलात, मुलांनो, एक कार्यालय होतं. जंगलात कार्यालय कशाला, असं विचारू नका. सिंहमहाराजांनाही कोणी विचारलं नव्हतं.

महाराजांनी शहरातून एक एआय एजंट मागवला. त्याचं नाव पडलं हरकाम्या. त्याला लोखंडी हात होते, भूक नव्हती आणि कंटाळा तर नव्हताच. हत्यारं मात्र त्याच्या ओळखीची नव्हती. म्हणून प्रत्येक हत्याराला एक चिठ्ठी बांधायची आणि ती वाचून हरकाम्यानं हवं ते उचलायचं, असं ठरलं.

चिठ्ठ्या लिहायला बसले काटदरेअण्णा. अण्णा म्हणजे साळिंदर. अंगावरचाच काटा उपटायचा, शाईत बुडवायचा आणि लिहायचं. अक्षर मोत्यासारखं. पण कार्यालयात अशुभ शब्द त्यांना खपत नसे. नारळ फोडला म्हणू नये, वाढवला म्हणावं. तेव्हा हातोड्याच्या चिठ्ठीवर त्यांनी झोकात लिहिलं, 'वाढवण्याचे साधन'.

ते वाचून मंदाकाकूंना धास्ती वाटली. मंदाकाकू म्हणजे तळ्यातली म्हातारी कासवीण. तळ्याची भिंत उंच करायचं घाटत होतं, आणि उन्हाळाभर पुरेल असं पाणी जंगलात तेवढंच होतं.

"अण्णा, सरळ लिहा ना," काकू म्हणाल्या. "याने फोडतात. नारळ फोडावा, भिंतीला लावू नये."

"सरळ काय, कोणीही लिहील," अण्णा म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी महाराजांचा हुकूम सुटला, तळ्याची भिंत वाढवा.

हरकाम्या हत्यारांची गाडी घेऊन तळ्यावर गेला. त्यानं साऱ्या चिठ्ठ्या वाचल्या. घमेल्यावर लिहिलं होतं 'बहुगुणी पात्र'. वाढवण्याचं साधन एकच निघालं. त्यानं हातोडा उचलला आणि अगदी मन लावून काम केलं. भिंतीला हे एवढं भगदाड पडलं. पाणी धो धो वाहू लागलं.

"वाढवली," तो अदबीनं म्हणाला. "आणखी वाढवू का?"

काकू फार घाबरल्या. पण घाबरून धावत सुटणं कासवाच्या नशिबी नसतं. त्यांनी चिखलात नख बुडवलं आणि हातोड्याच्या चिठ्ठीवर 'वाढवण्याचे' खोडून 'फोडण्याचे' केलं. मग घमेल्यावर लिहिलं, 'माती टाकून वाढवायला. भगदाडही बुजतं.' हरकाम्यानं चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या, घमेलं घेतलं, आणि तासाभरात भिंत उभी केली. अर्धं तळं वाचलं. काकूंना आनंदानं रडू आलं.

भिंत पहिल्यापेक्षा हातभर उंच झाली होती. चिठ्ठीखातं अण्णांचं, त्यामुळे तळ्याकाठी सत्कार अर्थातच अण्णांचा झाला. अण्णा नवी पगडी घालून, हातात नारळ धरून उभे राहिले.

"हरकाम्या, नारळ वाढव," महाराज म्हणाले.

हरकाम्यानं चिठ्ठ्या वाचल्या. त्यानं घमेलं उचललं. पहिलं घमेलं नारळावर पडलं, दुसरं पगडीवर. मग चिखल अण्णांच्या हनुवटीपर्यंत वाढत गेला.

"काकू, त्याला काहीतरी सांगा," अण्णा कळवळून म्हणाले.

काकूंना एकच शब्द सांगायचा होता. पण सगळ्या कार्यालयासमोर, शुभप्रसंगी, तो तोंडातून काढायचा कसा? त्यांनी मान कवचात ओढून घेतली.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी शुभच लिहावं. भिंत काय, पुन्हा बांधता येते. फक्त सत्काराचा नारळ आपण हातात धरू नये.