हेस्टरबाईच्या खाटेवरची शीव

गरिबावर दया करायला माणूस केव्हाही तयार असतो; फक्त तो गरीब आपलाच आहे, एवढी खात्री त्याला हवी असते. त्यासाठी इंग्लंडात उत्तम कायदे आहेत. एलिझाबेथ राणीच्या राज्यात ठरलं, की प्रत्येक गावानं आपापले गरीब पोसावेत. पुढे चार्ल्स राजाच्या राज्यात ‘आपापले’ म्हणजे कोणते, हे ठरवायचे नियम ठरले. तेव्हापासून पोसायला कुणाला सवड झालेली नाही.

थॉर्नली गावचा गरिबांचा कारभारी जोसाया पिंकनी मऊ मनाचा होता. (या पदावर श्रीमंतालाच नेमत, त्याचं मन मऊ आहे असं धरून चालत.) विधवा हेस्टर ड्रबल अंथरुणाला खिळली असं कळताच तो पाव घेऊन धावला. दारात त्याला आठवलं, की थॉर्नली आणि मार्शकोट या गावांची शीव खिडकीतून आत शिरून नेमकी खाटेवरून जाते. बाईचं डोकं मार्शकोटात होतं आणि पाय थॉर्नलीत. एक घास दिला, की कायद्यानं बाई जन्मभर थॉर्नलीच्या गळ्यात! त्यानं पाव पाठीमागे लपवला.

“हेस्टरबाई, आधी तुम्ही कुठल्या गावच्या ते ठरू दे.”

“मेल्या जोसाया, तुझं शेंबडं नाक पुसलंय मी. तेव्हा विचारलं होतं का, शेंबूड कुठल्या गावचा म्हणून? डोकं त्यांचं, पाय तुमचे, भूक तेवढी माझी होय रे?”

प्रश्न बिनतोड होता, म्हणून तो कोर्टात गेला. थॉर्नली म्हणालं, माणूस डोक्यावरून ओळखतात. मार्शकोट म्हणालं, माणूस गावात येतो तो पायांनी. कोर्टानं हुकूम दिला, की निकालापर्यंत पुरावा जागचा हलवू नये. पुरावा म्हणजे खाट, बाईसकट. वकिलांची फी गरिबांसाठी गावकऱ्यांकडून गोळा केलेल्या पट्टीतून गेली. गरिबांवर इतका खर्च दोन्ही गावांनी पूर्वी कधी केला नव्हता.

पिंकनी रोज पाव दाखवायला यायचा. (दाखवण्याला कायद्याची हरकत नव्हती.) परतताना तो स्वतःच खायचा, अन्न वाया घालवणं त्याला पाप वाटे.

निकालाआधीच हेस्टरबाई गेली. भुकेनं तिनं पाय पोटाशी ओढून घेतले होते, त्यामुळे ती सबंधच्या सबंध मार्शकोटात मेली. पिंकनीला गहिवरून आलं. “शेवटी गावाचा विचार केला हो म्हातारीनं!”

तुम्हाला त्याचा राग आला असेल, तर ते योग्यच आहे. फक्त परवा तुमच्या फाटकाशी कुणी आडवं पडलं होतं, तेव्हा त्याचं डोकं शेजाऱ्यांच्या बाजूला आहे, हे तुमच्या किती चटकन लक्षात आलं, तेवढं आठवून पाहा.