लाल गोलातला पक्षी

आमच्या मेहरूणच्या गल्लीत नाना कुणाकडेही गेले, की बसायच्या आधी म्हणतात, "चष्मा लाव." मग खिशातून फोटो काढून आपल्या नाकासमोर धरतात. फोटोत भलंमोठं आभाळ असतं, खाली विजेची तार असते आणि मधोमध लाल स्केचपेनने काढलेला एक गोल. "देख, दखास का? शिक्रा शे!" गोलात एक ठिपका असतो. तो शिक्रा असेल, कावळा असेल किंवा फोटो छापताना मध्येच बसलेली माशीही असेल. आपण "वा!" म्हटल्याशिवाय नाना चहाला हात लावत नाहीत. चहा निवलेला बायकोला आवडत नाही, म्हणून आमच्याकडे वा लवकर म्हणतात.

नाना मूळचे नरडाण्याकडचे. नोकरी जमीन मोजणीची. पस्तीस वर्षं लोकांच्या बांधांवर साखळी ओढली आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा शिकारी पक्ष्यांच्या मागे लागले. कॅमेरा मुलाने पुण्याला जाताना टाकून दिलेला, साबणाच्या वडीएवढा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. झूम करायला गेलं की त्यातून पिठाच्या गिरणीसारखी घरघर येते. ती ऐकून निम्मे पक्षी उडतात. उरलेले नानांच्या खोकल्याने.

मोजणीची खोड मात्र सुटली नाही. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढलेला, आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: अंतर एकशे ऐंशी फूट. पक्ष्याचं तोंड कुठे आहे ते कळत नाही, उत्तर कुठे आहे ते अचूक कळतं. एकदा त्यांनी कापशी घारीचे लागोपाठ तीन दिवसांचे तीन फोटो आणले. कापशी म्हणजे पांढरट, लाल डोळ्यांची, देखणी छोटी घार. तिन्ही फोटोंत ती खांबावर त्याच जागी, त्याच ऐटीत. मी जाऊन पाहिलं, तर ती खांबावरची चिनी मातीची वाटी निघाली, जिच्यावरून वीजवाले तार नेतात. नानांना सांगितलं. त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "पन अंतर बरोबर व्हतं."

आता आमच्याविषयी. आमचं पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे. सगळ्यांकडे दुधाच्या कॅनएवढ्या लेन्स, अंगात पानापानांची जाकिटं. केळीच्या बागेत आम्ही दिसत नाही, हॉटेलात मात्र लांबून दिसतो. दर हिवाळ्यात आम्ही फोटोंचं प्रदर्शन भरवतो, आणि निवड माझ्या घरी होते. आपला एक तरी फोटो त्या भिंतीवर लागावा, हा नानांचा सहा वर्षांचा एकच ध्यास. सहा वर्षं आम्ही तो परत केला. दरवर्षी निवडीच्या आदल्या दिवशी ते मला गाठून म्हणत, "यंदा तरी लाव रे भाऊ."

यंदा मात्र ते आदल्या दिवशी आले नाहीत. निवडीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले आणि पाकिटातून फोटो काढला. आभाळ, तार, लाल गोल, ठिपका. मंडळी हसून लोळली. एक जण म्हणाला, "नाना, यंदा गोल झकास आलाय! गोलाला बक्षीस देऊ." सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. नानाही हसले, चहा प्यायले आणि फोटो पाकिटात घालून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॅमेरा घेऊन आले. सेल बदलले की त्यातली तारीख बिघडते, ती नीट करून हवी होती. मी एक बटण चुकीचं दाबलं आणि पडद्यावर फोटो आला.

बाभळीच्या काटक्यांचं घरटं. काठावर कापशी, पायाखाली उंदीर, दोन पिल्लांच्या उघड्या चोची. तिचा लाल डोळा थेट माझ्याकडे बघत होता. आमच्या सगळ्या लेन्स एकत्र केल्या तरी असा फोटो मंडळात कुणाकडे नाही.

"नाना, हा कधीचा?"

"पंधरा दिन व्हयनात."

म्हणजे काल आम्ही हसत होतो, तेव्हा हा त्यांच्या कॅमेऱ्यात होता. "एवढ्या जवळ गेलात कसे?"

"रोज धा फूट फुडे सरकनू. अठ्ठावीस दिन. पहिले उडी जाये. आते ती माले वयखस." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला, की मला नीट बघवेना. ज्यांना बघून गल्लीतले लोक दार लोटून घेतात, त्यांना कुणीतरी ओळखत होतं.

"मग काल हा का नाही दाखवलात? भिंतीवर पहिला लागला असता!"

"हाऊ दखाडता, तं बठ्ठा लोक तठे येतीन. मांगे त्या शिक्रानं काय व्हयनं?"

काय झालं ते मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी शिक्र्याच्या घरट्याची जागा मीच मंडळाच्या ग्रुपवर टाकली होती. दुसऱ्या दिवशी झाडाखाली अकरा गाड्या उभ्या होत्या. आठवड्यात घरटं ओस पडलं.

"पिलं न्हाना शेतस आजून," नाना म्हणाले आणि कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला.

मी आवाज खाली आणून विचारलं, "नाना, मला तरी सांगा कुठे आहे. कुणाला सांगणार नाही. शपथ."

नानांनी कॅमेरा सदऱ्याच्या खिशात घातला. रागावले नाहीत.

"तू कोनले सांगाव नही, भाऊ," ते म्हणाले. "पन तू जाशी."

शनिवारी कोणती लेन्स न्यायची, ते मी तेवढ्यात ठरवूनही टाकलं होतं.