आप्पांचा डावा घोटा

आमच्या गल्लीतले दत्तूआप्पा माणसाचं तोंड बघत नाहीत, घोटा बघतात. मी सीमाभागातल्या या वडगावात राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतलं सामान अजून उतरत होतं, तोवर समोरच्या कट्ट्यावरून हाक आली, "पाव्हणं, घोटा दाखवा." मी गोंधळून पँट वर केली. आप्पांनी चष्मा पुसला, दोन्ही घोटे न्याहाळले आणि निकाल दिला, "खुर्चीतला माणूस. नाव घ्यावं असा एक घट्टा न्हाय." मग माझा हात धरून कोपर उलटा केला. तिथं मात्र चांगला ठसठशीत घट्टा होता. "हापिसात टेबलावर कोपर टेकून झोपतोस व्हय रं?" मी शाळेत क्लार्क आहे आणि बायको शेजारीच उभी होती. त्या दिवसापासून मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो.

बसण्यानं पडलेला घट्टा खोटं बोलत नाही, हे आप्पांचं शास्त्र. भजनी माणसाचा घट्टा गोल, कारण तो बसल्या जागी डुलतो. जेवायला बसणाऱ्याचा लांबट, कारण तो वाढपी दिसला की पुढं सरकतो. कट्ट्यावर गप्पा हाणणाऱ्यालाही घट्टा असतो, पण तो चारचौघांत दाखवता येत नाही.

आप्पांच्या भाचीला बघायला संकेश्वरचा मुलगा आला, तेव्हा सगळे शिक्षण आणि नोकरी विचारत होते. आप्पा म्हणाले, "मोजं काढा." मुलाच्या वडिलांना वाटलं, पायात काही खोट आहे असं कुणीतरी कळवलंय. त्यांनी घाईघाईनं मुलाला अंगणात चालवून दाखवलं. आप्पांनी घोट्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली, "लोण्यागत हाय. ह्यो पोरगा घरात जेवत न्हाय." सहा वर्षं बेंगळुरात मेसचं खात होता, हे त्यानं कबूल केलं. लग्न तरीही झालं, कारण भाचीनं आपलेही घोटे पुढं केले आणि ते त्याच्याहून मऊ निघाले.

स्वतः आप्पांच्या डाव्या घोट्यावर सुपारीएवढा घट्टा आहे. त्यावर नखानं टकटक करून ते पाहुण्यांना आवाज ऐकवत. गेल्या थंडीत तो चिरला आणि आप्पा लंगडू लागले. त्यांची सून स्नेहल तेव्हा नुकतीच पुण्याहून लग्न होऊन आलेली, कन्नडचा एक शब्द न कळणारी. मुलगा कामाला गेलेला, म्हणून तिनं मला सोबत घेतलं आणि आम्ही त्यांना टिळकवाडीतल्या कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी घट्टा दाबून बघितला आणि म्हणाले, "भाळ गट्टी आगेत्री."

"गट्टी?" स्नेहल माझ्याकडं वळली. "बाबांची? कोणाशी?"

कन्नडमध्ये भाळ म्हणजे फार आणि गट्टी म्हणजे टणक, हे मी तिला समजावून सांगितलं. आप्पा मात्र खुळ्यासारखे डॉक्टरांकडं बघत राहिले. डॉक्टरांनी मलम दिलं. रोज लावायचं, मांडी घालायची नाही, खुर्चीवर जेवायचं, दोन महिन्यांत घट्टा नाहीसा होईल. येताना रिक्षावाल्याचा घोटासुद्धा आप्पांनी बघितला नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मलमाची ट्यूब घेऊन माझ्या घरी आले. "सुभाष, कोपर काढ."

"माझा कशाला?"

"ट्यूब संपाय पायजे. सून रोज दाबून बघती."

महिनाभर हा माणूस नेमानं येऊन माझ्या कोपराला मलम चोळत होता. वीस वर्षांच्या नोकरीत कमावलेला माझा घट्टा गेला, कोपर बाळाच्या गालासारखा झाला, आणि आता टेबलावरून सारखा घसरतो. शेवटी मी चिडलो. "आप्पा, पाय दुखतोय तुमचा, आणि औषध मला? तो घट्टा काय पुजायचाय?"

आप्पा खाली फरशीवर मांडी घालून बसले. समोरच्या रिकाम्या जागेकडं बोट करून म्हणाले, "हितं कमळा बसायची."

कमळाकाकू म्हणजे त्यांची बायको. त्या जाऊन तीन वर्षं झाली. दोघं पस्तीस वर्षं एका चटईवर समोरासमोर बसून गल्लीतल्या मागांसाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरत होते.

"तिचा उजवा घोटा, माझा डावा. एकाच टायमाला पडलं घट्टं," आप्पा म्हणाले. "लुगडी भाच्यास्नी दिली. रहाट मोडला. तिच्यासंगं बसल्यालं एवढंच ऱ्हायलंय माझ्याकडं. डॉक्टरनं बघितल्या बघितल्या वळखलं की. गट्टी हाय म्हणाला. आणि वर पुसून टाक म्हणतोय."

मी मुकाट्यानं दुसरा कोपर पुढं केला.

संध्याकाळी मात्र न राहवून मी स्नेहलला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती आत गेली, डोळे पुसून आली आणि नवी ट्यूब माझ्या हातात दिली. "तुमच्या उजव्या कोपरासाठी." आप्पांच्या चिरेला तिनं नुसतं खोबरेल लावलं. जेवणाची खुर्ची माळ्यावर गेली, आप्पांच्या खाली जाड गोधडी आली, आणि ती स्वतः त्यांच्यासमोर मांडी घालून जेवायला बसू लागली. पहिले चार दिवस तिला धड उठता येत नव्हतं.

परवा आप्पांनी कट्ट्यावरून मला हाक मारली. स्नेहल शेजारी भाजी निवडत बसली होती. "सुभाष, हिचा उजवा घोटा बघ."

मी बघितला. घोट्यावर जरासं लाल झालं होतं, इतकंच.

"आता कुठं लाल झालंय," आप्पा तिला म्हणाले. "बसत जा पोरी. हळूहळू हुईल गट्टी."