गरजू दिसायचा कार्यक्रम

विमला परबने लेकीच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या, की श्रुतिकाच्या भुवया वर गेल्या.

"आई, दुखतंय."

"दुखू दे. स्टेजवर जायचंय."

एक संस्था विक्रोळीतल्या गरजू मुलांना शाळेच्या बॅगा वाटणार होती. श्रुतिकाच्या जुन्या बॅगेचा तळ इतका उसवला होता, की कंपासपेटी रोज रस्त्यावर सांडायची. नवी हवीच होती. पण हवी म्हणून गबाळं जायचं? गणपतीतलं परकर-पोलकं निघालं, इस्त्री फिरली, वर केसांत अबोलीचा वळेसर.

सभागृहाच्या दारात संस्थेचा सुबोध घामाघूम उभा. देणगीदार गंधालीमॅडम आपलं मूल घेऊन येणार आणि त्याच्या हातून वाटप होणार, एवढंच त्याला ठाऊक. श्रुतिकाला पाहून तो वाकलाच.

"या, या. पुढच्या रांगेत बसा."

व्यवस्था चांगली आहे, विमलाला वाटलं.

मॅडम बाहेर फोनवर. त्यांचा मिहिर एकटाच आत आला. जीन्स दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली, केस डोळ्यांत. सुबोधने त्याला हळूच बॅग घेणाऱ्यांच्या रांगेत लावलं.

माइकवर संस्थेच्या रत्नप्रभाबाई: "आपल्या छोट्या पाहुणीच्या हस्ते वाटप." श्रुतिका स्टेजवर. ती बॅग द्यायची, हात मिळवायची, फोटोग्राफर प्रीतम फोटो काढायचा.

"सौरभ पवार."

कुणीच हललं नाही. सुबोधने मिहिरला ढकललं. "जा रे."

"मी सौरभ नाहीये."

"लाजू नकोस."

मिहिर बॅग घेऊन उतरला आणि समोर गंधालीमॅडम.

"सुबोध, माझा मुलगा रांगेत काय करतोय?"

"तुमचा?" सुबोधची नजर गुडघ्यांवर. "मला वाटलं..."

"जीन्स तशीच विकत मिळते."

मग पाहुणी कोण? सुबोध विमलाकडे धावला. "ताई, ही आपली लाभार्थी? आधी सांगायचं ना."

"विचारलंत कुठे?"

माइकवर बाई चालूच होत्या: *नंदू सावंत. टाळ्या थांबवू नयेत.*

"बरं," सुबोध म्हणाला, "एक फोटो परत घेऊ. मिहिर देईल, ही घेईल. तेवढी फुलं काढा. आणि केस जरा मोकळे, विस्कटलेले. रिपोर्टमध्ये गरजू दिसायला पाहिजे ना."

विमलाची मराठी थेट मालवणात जाऊन पोचली. "गरिबी काय केसांत असता? माझा चेडू असाच ऱ्हवतला."

*मानसी कदम.*

"समजून घ्या हो. फोटो नाही तर बॅग देता येणार नाही. पुढची देणगी फोटोवरच येते."

"विस्कटलेला पायजे तर ह्यो आसा ना," तिने मिहिरकडे बोट केलं. "तयार माल."

गंधालीमॅडमनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

*श्रुतिका परब.*

सुबोध वळेपर्यंत उशीर झाला होता. स्टेजवर श्रुतिकाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. शेवटची बॅग तिने उजव्या हाताने डाव्या हाताला दिली. मग पद्धतीप्रमाणे स्वतःशीच हात मिळवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. प्रीतमने सवयीने क्लिक केलं. टाळ्याही वाजल्या; थांबवू नयेत असं बाईंनी सांगितलंच होतं.

प्रीतम स्टेजखाली आला. "सुबोधसर, फोटोखाली काय टाकू? देणारं कोण, घेणारं कोण?"

विमला तोवर स्टेजच्या पायरीशी जाऊन लेकीच्या खांद्यावर बॅगेचे पट्टे बसवत होती. मान न वळवता म्हणाली,

"दोन्हीकडे श्रुतिका परब लिव."